विकलेल्या नौकेचे पुढे काय होते?

जुन्या युद्धनौका मित्रदेशांना देण्याची नवी हौस दिल्लीला लागली आहे. २०२० मध्ये ‘सिंधुवीर’ पाणबुडी म्यानमारला गेली. २०२३ मध्ये ‘कृपाण’ ही क्षेपणास्त्रवाहू नौका शस्त्रास्त्रांसकट व्हिएतनामला भेट मिळाली. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. अशा बातम्या वाचल्या की मला ब्रिटिशांची ‘निथ’ आठवते.

‘निथ’ ही दुसऱ्या महायुद्धातली ‘रिव्हर’ वर्गाची फ्रिगेट. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांचे काफिले बुडवत होत्या, आणि काफिल्यांसोबत जायला नौका पुरत नव्हत्या. टर्बाइनची टंचाई, म्हणून या फ्रिगेटींना साधी दट्ट्याची वाफेची इंजिने बसवली. वेग जेमतेम २० नॉट, पण अख्खा महासागर ओलांडण्याचा दम. जून १९४४ मध्ये ‘निथ’ नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर मुख्यालय-नौका म्हणून उभी होती. स्फोटकांनी भरलेले, वैमानिक नसलेले एक जर्मन विमान तिच्या अगदी जवळ फुटले. माणसे दगावली, नौका वाचली.

युद्ध संपले. ब्रिटनला एवढ्या नौका पोसणे परवडेना. १९४८ मध्ये ‘निथ’ इजिप्तला विकली गेली आणि ‘दोमियात’ झाली. तेव्हा इजिप्तमध्ये राजा होता आणि ब्रिटिश फौजाही होत्या. १९५२ मध्ये राजा गेला, १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला आणि त्यावरून ब्रिटनशी युद्ध पेटले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुएझच्या आखातात ‘न्यूफाउंडलंड’ या ब्रिटिश क्रूझरने ‘दोमियात’ला थांबायला सांगितले. ‘दोमियात’ने दिवे मालवले आणि ती वळली. सहा इंची तोफांपुढे तिचा निभाव लागणे शक्यच नव्हते. ज्यांनी तिला बांधले, लढवले आणि विकले, त्यांनीच तिला बुडवले. पाण्यात पडलेले इजिप्शियन खलाशीही त्यांनीच बाहेर काढले.

विक्रीच्या दिवशी ब्रिटिशांचा हिशेब चुकलेला नव्हता. आठ वर्षांत समोरची राजवट बदलली, एवढेच. आपल्याला तर तेवढीही सवड मिळाली नाही. म्यानमारच्या नौदलात ‘सिंधुवीर’ दाखल झाली डिसेंबर २०२० मध्ये. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले.

म्हणून काही देऊच नये, असे नाही. हिंदी महासागरात चीन हातपाय पसरत असताना शेजाऱ्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणे परवडणारे नाही. पण काय द्यायचे, याला तारतम्य हवे. ‘रिव्हर’ वर्गाचीच ‘कुकरी’ आपल्या वाट्याला आली आणि पुढे ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाने सर्वेक्षणाच्या कामाला लागली. गस्तीनौका द्या, सर्वेक्षण नौका द्या, प्रशिक्षण द्या. पाणबुडी किंवा क्षेपणास्त्रवाहू नौका द्यायची असेल, तर आधी प्रस्ताव संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवा. मित्र आज कोण आहे, हे परराष्ट्र खाते सांगेलच. उद्या त्या खुर्चीवर कोण बसू शकते, हे समितीने विचारावे.