कल्ल्यांवरचे पांढरे दाणे

जालन्याच्या बाजारातून आणलेल्या कटल्याच्या कल्ल्यांवर खसखशीएवढे पांढरे दाणे दिसले. अम्मी म्हणाल्या, "फेकून द्या." आम्ही आधी विचारपूस केली.

गोड्या पाण्यातल्या माशांच्या कल्ल्यांवर अशा गाठी बहुधा मिक्झोबोलस या परोपजीवीच्या असतात. गाठीत असंख्य बीजाणू. एकेक साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. बीजाणूत गुंडाळलेला धागा असतो, थेट जेलीफिशच्या दंशपेशीसारखा! तरी अभ्यासकांनी हे जीव कितीतरी वर्षे एकपेशीयांत बसवले. जनुके वाचली तेव्हा ते जेलीफिशचेच नातलग निघाले. १९८४ मध्ये ट्राउट माशातला एक जीव आणि चिखलातल्या ट्यूबिफेक्स किड्यातला दुसरा, असे दोन वेगळ्या वर्गांत ठेवलेले, एकच ठरले. ऑस्ट्रेलियातल्या बेडकांत उलटे झाले: पित्ताशयातली एक मानलेली जात जनुकांनी दोन केल्या.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना हे कामाचे आहे. रोग किड्यातून येतो, म्हणून हंगामानंतर तळे आटवून गाळ वाळवावा, चुना टाकावा. गाठी फार झाल्या तर पिल्लांचा श्वास कोंडतो.

माणसाला शिजवलेल्या माशातून यांचा त्रास नाही. आम्ही कल्ले काढले, कालवण नीट उकळले. अम्मींनी मात्र एकच तुकडा घेतला.