जोखीम मजुराची, विमा कोणाचा?

युद्धाच्या छायेतील देशात जाणाऱ्यास दोन उपदेश ठरलेले असतात : सरकारची सूचना पाहावी आणि विमा उतरवावा. सहलीला निघालेल्या माणसाला हे पुरते. त्याला बेत रद्द करता येतो. पोटासाठी जाणाऱ्या गवंड्याने काय करावे?

इस्रायलचेच पाहा. ऑक्टोबर २०२३ नंतर तेथील पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रद्द झाले, बांधकामे अडली आणि त्यांच्या जागी भारतीय मजूर नेण्याचे ठरले. केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबरातच विरोध नोंदविला. परंतु वेतन महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये सांगितलेले. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौ येथे निवड-चाचण्यांना तरुणांच्या रांगा लागल्या. गावात काम असते तर त्या रांगेत किती जण उभे राहिले असते? ४ मार्चला लेबनॉनच्या सीमेलगत मार्गालियोत येथे क्षेपणास्त्राने केरळचा एक शेतमजूर ठार झाला. तरीही २ एप्रिलला साठाहून अधिक बांधकाम मजुरांची पहिली तुकडी निरोप घेऊन निघाली. आणि १२ एप्रिलला परराष्ट्र मंत्रालयाने भारतीयांना बजावले की, पुढील सूचनेपर्यंत इराण वा इस्रायलला जाऊ नये! ज्यांना दहा दिवसांपूर्वीच पाठविले, त्यांनी ही सूचना कोठे बसून वाचायची होती?

विम्याचीही तीच तऱ्हा. प्रवासविम्याच्या करारात युद्ध हा अपवाद बहुधा बारीक अक्षरांत नोंदलेला असतो. सरकारने जाऊ नका म्हटलेल्या देशात गेल्यास भरपाई नाकारण्याची मुभाही अनेक कंपन्या राखून ठेवतात. ज्या संकटाच्या भयाने विमा घ्यावा, नेमके तेच वगळलेले. २००३ साली सुरू झालेली प्रवासी भारतीय विमा योजना त्यामानाने बरी : दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वास १० लाख. पण ती सक्तीची आहे ती सरकारी परवान्याची अट असलेल्या पारपत्रावर ठरावीक १८ देशांत जाणाऱ्यांना, आणि भरतीच्या वेळी त्या यादीत इस्रायल नव्हते.

भरती सरकारच्या पुढाकाराने होत असेल, तर युद्धाचा अपवाद नसलेला विमा ही भरतीची पहिली अट हवी आणि हप्ता मालकाने भरावा. करार मजुराच्या भाषेत असावा. कामाच्या जागेजवळ बॉम्बपासून बचावाचा निवारा आहे की नाही, हे दूतावासाने आधी पाहावे. धोक्याची सूचना निघाल्यावर काम सोडून परतणाऱ्याचे तिकीट आणि बुडालेली मजुरी कोणी द्यायची, तेही विमानात बसण्यापूर्वी कागदावर यावे.