राखणदार कुणाचा?

'काप्पान' म्हणजे राखणारा. के. व्ही. आनंदचा हा तमिळ सिनेमा २० सप्टेंबर २०१९ ला आला. मोहनलाल पंतप्रधान, सूर्या त्याचा अंगरक्षक. स्पेशल प्रोटेक्शन ग्रुपचा गडी, वर सेंद्रिय शेतकरीसुद्धा! म्हणजे एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात बियाणं. बोमन इराणीचा उद्योगपती शेतकऱ्याच्या मुळावर उठलेला. त्यात पंतप्रधान मारला जातो, त्याचा पोरगा खुर्चीवर येतो, आता सूर्या त्यालाही राखतो. थेटरात शिट्ट्या. मारामारी झकास आहे, ते नाकारायचं कारण नाही.

पण दोस्तहो, शिट्टी मारताना एक प्रश्न घशात अडकला पाहिजे. हा राखतो कुणाला?

पंतप्रधानाला राखू नये असं कोण म्हणतंय? ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींना त्यांच्याच पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या, म्हणून १९८५ साली हे दल उभं राहिलं. १९८८ ला त्याचा कायदा झाला. २१ मे १९९१ ला याच तामिळनाडूत, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या चिंधड्या उडाल्या. तेव्हा ते खुर्चीवर नव्हते, हे दलही त्यांच्याभोवती नव्हतं. मग कायदा वाढवून माजी पंतप्रधान त्यात घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये तोच कायदा पुन्हा आखडला. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात या दलाला जवळपास ६०० कोटी रुपये मिळाले. लोकांनी निवडून दिलेला माणूस कुणी मारता कामा नये. बरोबर! एकदम मान्य!

मग मुरुगेसनला कुणी निवडून दिलं होतं?

मदुरै जिल्ह्यातलं मेलवळवु गाव. १९९६ साली तिथल्या पंचायतीचं अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झालं. सवर्णांनी धमक्या दिल्या, निवडणूक उधळली. तरी मुरुगेसन उभा राहिला, निवडून आला. ३० जून १९९७ ला मदुरैहून परतताना बस अडवून त्याला कापला. त्याच्यासकट सहा जण गेले. त्याचं मुंडकं तोडून नेलं. धमक्या साऱ्या सरकारदरबाराला ठाऊक होत्या. पण त्याच्या अंगावर पडणारा वार झेलायला कुठला काळा चष्मा आडवा आला नाही.

त्या खुनात जन्मठेप झालेल्यांपैकी तेरा जणांना तामिळनाडू सरकारने मुदतीआधीच सोडून दिलं. कधी? नोव्हेंबर २०१९. म्हणजे 'काप्पान' येऊन दोन महिनेही झाले नव्हते! पडद्यावर निवडून आलेल्याच्या खुन्याचा माग काढला म्हणून टाळ्या, आणि पडद्याबाहेर निवडून आलेल्याच्या खुन्यांना दार उघडं. याला योगायोग म्हणायचं तर म्हणा.

आता त्या शेतकऱ्याचं बघू. सिनेमा शेतकऱ्याचा कैवार घेतो, उद्योगपतीला झोडपतो. छान! कावेरीच्या मुखाकडचा भातपट्टा खरोखरच झगडत होता. २०१७ ला नेडुवासलची माणसं जमिनीखालच्या तेल-वायूच्या खोदाईविरुद्ध बसली होती. २०२० साली तो पट्टा संरक्षित शेतीक्षेत्र ठरवणारा कायदाही झाला. पण या सिनेमात 'शेतकरी' म्हणजे जमीनवाला. त्या चिखलात कंबर मोडून रोप लावणारी बाई कुठाय? तिचा संवाद कुठाय?

त्याच पट्ट्यातलं कीळवेणमणी आठवा. तेव्हाचा तंजावर जिल्हा. २५ डिसेंबर १९६८. मजुरीला थोडं जास्त भात मागितलं म्हणून दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदार चालून आले. झोपडीत आसरा घेतलेले ४४ जीव जिवंत जाळले. बहुतेक बायका आणि पोरं. उच्च न्यायालयाने जमीनदारांना सोडून दिलं. तिथे पिकावर कुणी कीड सोडली नव्हती, परका उद्योगपतीही आला नव्हता. जाळणारे गावचे शेतकरीच होते. पण हे सांगायचं तर व्हिलन बदलावा लागतो. मग शिट्ट्या कोण मारणार?

सूर्याला नुसती शिवी घालून भागणार नाही. याच माणसाने २०२१ ला 'जय भीम' केला, पैसेही त्याच्याच कंपनीने घातले. त्यात इरुळर जमातीचा माणूस पोलीस कोठडीत मरतो, त्याची गरोदर बायको न्याय मागत कोर्टाची पायरी चढते आणि सूर्या तिचा वकील होतो. मागे १९९३ ची खरी घटना आहे, के. चंद्रू यांनी वकील म्हणून लढलेली. तिथेही तारणारा हिरोच, हे आहेच. पण राखायचं कुणाला, हा प्रश्न मात्र जाग्यावर आला. माणसाला सरकारपासूनच राखायची वेळ येते, हे त्याच नटाच्या तोंडून लोकांनी ऐकलं.

म्हणून 'काप्पान' बघा, जरूर बघा. फक्त अंगरक्षक छाती पुढे काढून उभा राहिला की मोजा, त्या छातीमागे किती माणसं मावतात. मताच्या पेटीत पंतप्रधानाचं एक मत, मेलवळवुच्या मजुराचंही एकच. पेटीत जो हिशेब चालतो तो मरणाच्या दारात का चालू नये? उद्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या एखाद्या सरपंचाला धमकी आली, तर त्याच्या दारात एक तरी शिपाई उभा राहील का? हे विचारायला सूर्या येणार नाही. आपल्यालाच पोलीस स्टेशनात जाऊन विचारावं लागेल, आणि एकट्यादुकट्याने नाही.