कर्करोगाचे भय आणि पिशवीची शस्त्रक्रिया

काही जंतूंच्या संसर्गातून माणसाला कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे. हेपेटायटिस बी आणि सी या विषाणूंमुळे यकृताचा, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराचा, तर ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे, गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. २०१८ साली जगात नव्याने आढळलेल्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के कर्करोग अशा संसर्गांमुळे झाले होते. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या खालोखाल गर्भाशयमुखाचाच कर्करोग आढळतो. पण संसर्ग आणि कर्करोग यांच्या या नात्याचे दोन चुकीचे अर्थ लावले जातात.

पहिला समज असा, की कर्करोग लागट आहे. म्हणून रुग्णाचे ताट-पांघरूण वेगळे ठेवावे. हा समज टिकत नाही. लागण विषाणूची होते, कर्करोगाची नव्हे. एचपीव्ही मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. त्यामुळे त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे अन्यायाचे आहे.

दुसरा समज अधिक घातक आहे: संसर्ग झाला, अंगावरून पांढरे जाऊ लागले, की पुढे कर्करोग ठरलेला, तेव्हा गर्भाशयाची पिशवी काढून मोकळे व्हावे. वाळवा तालुक्यातील आष्टा आणि भोवतालच्या ऊसपट्ट्यात हा प्रश्न दूरचा नाही. सांगली जिल्ह्यात दर हंगामाला बीड-धाराशिवकडून ऊसतोड कुटुंबे येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की मजुरी बुडते, फडात शौचालय नसते, आणि त्यातच दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते. तिशीतली बाई शस्त्रक्रियेला तयार होते ती अशा कोंडीत.

पिशवी मुखासकट काढली तर त्या जागचा कर्करोग टळतो, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण पांढरे जाणे हे बहुतेकदा साध्या, औषधाने बऱ्या होणाऱ्या संसर्गाचे लक्षण असते. एचपीव्ही तर सहसा कसलेच लक्षण दाखवत नाही. बहुतेक स्त्रियांचे शरीर तो वर्षा-दोन वर्षांत हटवते. थोड्या जणींतच तो टिकून राहतो. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशींच्या वाढीवरचा लगाम निकामी करतात, आणि तरीही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एवढ्या अवधीत बिघडलेला भाग गोठवून किंवा तेवढाच कापून काढता येतो. विनाकारण पिशवी काढताना बीजकोशही गेले, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होतात.

या कर्करोगावरचा योग्य मार्ग याच ऊसतोड बायांच्या मुलखाने जगाला दाखवला आहे. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी उपलब्ध करून दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीचा नमुना बाईला स्वतःही घेता येतो, त्यामुळे ती फडाजवळच्या कोप्यांपर्यंत नेणे शक्य आहे.

संसर्गच रोखणारी लसही उपलब्ध आहे. विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार या कर्करोगात दाखवून दिले. सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग याच दोन प्रकारांमुळे होतात. या शोधासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले आणि त्यातूनच लसीचा पाया घातला गेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ९ ते १४ वर्षे वयात दिली, तर लस सर्वाधिक गुणकारी ठरते.

म्हणून मुलींना लस, तिशीनंतर प्रत्येक स्त्रीला चाचणी आणि दोष आढळला तर तेवढ्याच भागावर उपचार, हाच शास्त्रशुद्ध क्रम आहे. चाचणीवाचून केवळ भयापोटी पिशवी काढण्याचा सल्ला कुठल्याही बाईने मानू नये, आणि कुठल्याही डॉक्टरने तो देऊ नये.