भुतांचे खाते

बँकेत माणूस मरतो, खाते मरत नाही. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की आम्ही ते ‘निष्क्रिय’ ठरवतो. दहा वर्षे झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही खातेदार किंवा त्याचा वारस कागद घेऊन आला, तर पैसे द्यावेच लागतात. साहेबांनी कपाळाला कितीही आठ्या घातल्या तरी!

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीकडे असेच एक खाते पडून आहे, आणि तेही चक्क भुतांचे. ‘डार्कस्टॉकर्स’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम. टोकन टाकून ‘मुस्तफा’ खेळलेल्या मंडळींना कंपनीची ओळख नको. त्या १९९३ च्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, आणि दुकान हेच.

‘डार्कस्टॉकर्स’ आला १९९४ साली. याच कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये पैलवान आणि कराटेवाले एकमेकांना बदडत. इथे रक्तपिपासू उमराव, लांडगामाणूस, इजिप्तची ममी, मांजरीसारखी पोरगी आणि गिटार वाजवणारे प्रेत, असे दहा जण आखाड्यात. हाताने काढलेली चित्रे अशी, की ममीने हात लांबवला तरी बघत राहावे. उडी मारलेली असताना हवेतल्या हवेत वार अडवायचा, हलक्या फटक्याला जड फटका जोडून माळ ओवायची, ही मजा इथे होती. १९९५ मध्ये दुसरा भाग, १९९७ मध्ये तिसरा. आणि मग? मग काही नाही. खऱ्या अर्थाने नवा भाग पुन्हा आलाच नाही.

२०१३ साली दुसरा आणि तिसरा भाग एकत्र बांधून ‘रिझरेक्शन’ म्हणजे पुनरुत्थान या नावाने विकायला काढले. अपेक्षेइतका खप झाला नाही, असे कंपनीकडून सांगण्यात आले. झाले! भुतांना गिऱ्हाईक नाही, असा अर्थ निघाला. अहो, रात्रीच्या पोळीला सकाळी फोडणी दिली आणि ती कुणी दोनदा मागून घेतली नाही, म्हणून घरात कुणाला ताजी पोळी नको, असे कोणती गृहिणी म्हणेल?

बरे, खाते झोपले आहे म्हणावे तर तेही खरे नाही. यातली मॉरिगन नावाची बया १९९८, २०११ आणि २०१७ साली मार्व्हलच्या वीरांशी लढायला पाठवली गेली. २०२२ मध्ये दहा जुन्या खेळांचा संग्रह निघाला, त्यात पाच याच घराण्यातले. म्हणजे पैसे काढणे चालू आणि भरणे बंद! आमच्याकडे अशा खात्याला निष्क्रिय म्हणत नाहीत. त्यात शिल्लक किती उरली ते बघतात.

आता तुम्ही म्हणाल, नवा खेळ काढायला खर्च येतो, आजच्या पोरांना ही भुते ठाऊकही नाहीत. कबूल. पण ‘स्ट्रीट फायटर’चा तिसरा भागही १९९९ मध्ये शेवटचा सुधारून निघाला आणि तो कारभार जवळजवळ नऊ वर्षे थंडच होता. २००८ मध्ये चौथा भाग आला आणि अंगात वारे भरल्यासारखी मालिका उठली; २०२३ मध्ये सहावाही आला. ती उठली ती नव्या भागाने. जुन्याचे गाठोडे बांधून कुणी उठत नसते. थोरल्याला नवे कपडे आणि धाकट्याला थोरल्याचे उसवलेले, हा न्याय मध्यमवर्गात चालतो. कंपनीला तो शोभत नाही.

काढायचाच नसेल तर ‘खाते बंद’ असे लिहून द्यावे. तीस वर्षे वाट पाहणाऱ्यांना निदान रडून मोकळे होता येईल. नाहीतर नवे काहीतरी करून दाखवावे. झोपलेले खाते उठवायला ओळखीचे कागद आणि एक व्यवहार, एवढेच पुरते. इथे ओळख पटवायची गरज नाही. भुते जुनीच आहेत. अडले आहे ते फक्त सहीपाशी, आणि सही करणारे ओसाकात बसले आहेत.