जुन्या सायकलीचें नवें फ्रीव्हील

वडिलांची जुनी शर्यतीची सायकल हातीं येते, मागील चक्राचे दांते झिजलेले असतात, आणि पायडलावर जोर देतांच साखळी घसरूं लागते. मग आपण दुकानांत जाऊन सर्वांत चकचकीत फ्रीव्हील मागतों. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. आधीं माप पाहावें, मग मोल.

फ्रीव्हील मागील हबावर आट्यांनीं बसतें. इंग्लिश आट्यांचा व्यास १.३७ इंच असून दर इंचास २४ आटे असतात. जुन्या फ्रेंच सायकलींत व्यास ३४.७ मिलिमीटर व आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असतें. व्यासांतील भेद मिलिमीटराच्या दहाव्या हिश्श्याएवढाच. म्हणून परकें फ्रीव्हील एखादा फेरा फिरून अडतें. तेथें आम्हीं एकदां बळ केलें आणि हबाचे आटे कायमचे गमावले. हातानें सहज फिरत नसेल, तर थांबावें हेंच खरें.

साखळीचीही परीक्षा करावी. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या इंचाचा सोळावा भाग अधिक भरल्या, तर साखळीही बदलावी. ताणलेली साखळी नव्या दांत्यांवर नीट बसत नाहीं. शिवाय, काढण्याच्या हत्यारासाठीं दोनच खांचा असलेल्या फ्रीव्हीलापेक्षां आंत सभोंवार खांचा असलेलें पसंत करावें; दोन खांचांतून हत्यार निसटतें.

बालमित्रहो, फ्रीव्हील बाजारांत पुन्हा मिळेल; वडिलांच्या सायकलीचें मूळ चाक मिळणार नाहीं. खरेदीपूर्वीं एकवार माप घेण्याचा आळस करूं नका.