कामगाराच्या पगारावरचा कर हटवा. मुदत येत्या अर्थसंकल्पापर्यंत

महाराष्ट्र सरकारला आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतल्या प्रत्येक सदस्याला हा जाहीर इशारा आहे. महिना दहा-वीस हजारांत घर चालवणाऱ्या माणसाच्या पगारातून व्यवसाय कर कापणे येत्या अर्थसंकल्पात बंद करा. २५ हजार रुपयांपर्यंतचा पगार, मग तो पुरुषाचा असो की बाईचा, या करातून पूर्ण मोकळा करा. त्यासाठी समिती नको, अभ्यासगट नको.

चाकण, वाळूज, बुटीबोरी, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा आणि कंत्राटी हेल्परची पगाराची स्लिप बघा. 'पीटी'च्या ओळीत २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. पुरुष कामगाराला माफी फक्त साडेसात हजारांपर्यंत. त्यापुढे १७५ रुपये सुरू होतात आणि दहा हजारांवर एक रुपया गेला की पूर्ण कर. बहुतेक धंद्यांत अकुशल कामगाराचे किमान वेतनच आज दहा हजारांच्या वर आहे. म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेले किमान वेतन ज्याच्या हाती पडते, त्याच्याकडून सरकार या कराची कमाल रक्कम वसूल करते. महिना दहा लाख घेणाऱ्या संचालकालाही २,५००च. साडेबारा हजार कमावणाऱ्याची त्यात सहा दिवसांची कमाई जाते. संचालकाला ते २,५०० गेल्याचे कळतही नाही. आणि २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला आयकर शून्य आहे. दीड लाखवाला मात्र मुंबईच्या तिजोरीत पैसे भरतोच आहे.

२,५००ची मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ने घातली, १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून तिथवर आली, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ती वरची मर्यादा आहे. खालच्या बाजूने कुणाला वगळायचे, हे मुंबईतच ठरते. साडेसात हजारांची रेषा २०१४ साली आखली आणि पुरुषांसाठी ती तिथेच आहे. महिलांसाठी २०२३ साली ती २५ हजारांवर नेली. योग्यच केले, आणि हे करता येते हेही दाखवून दिले. गुजरातेत १२ हजारांपर्यंत माफी आहे, तेलंगणात १५, कर्नाटकात २५ हजारांच्या आत कर नाही, गोव्यात हा करच नाही. देशाची आर्थिक राजधानी मिरवणारे राज्य मात्र साडेसात हजारांवर अडून बसले आहे.

या कराला एकेकाळी मोठे कारण होते, म्हणून तर आजची वसुली अधिक लाजिरवाणी आहे. १९७२च्या दुष्काळात या राज्यातली माणसे पोटासाठी खडी फोडायला बसली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला हक्काचा पैसा मिळावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरी-धंदा असलेल्याने थोडे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून गावातल्या मजुराला काम मिळायचे. शहराने तो भार स्वीकारला, कारण तेव्हा ठरलेला पगार असणे म्हणजे सुरक्षित असणे होते. आज कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराच्या वहीत नाव असलेला पोरगा त्याच दुष्काळी तालुक्यांतून आलेला आहे. त्याच्या आजोबाला काम मिळावे म्हणून बसवलेला कर आता त्याच्याच मजुरीतून कापला जातो.

आता दुसरी बाजू बघा. केंद्राने १ ऑगस्ट २०२५ पासून रोजगाराला प्रोत्साहन देणारी योजना सुरू केली, खर्चाचा आकडा ९९,४४६ कोटी रुपये. नवा कामगार घेतला की मालकाला दोन वर्षे दरमहा पैसे मिळणार, कारखानदारीत चार वर्षे. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्यालाही एकदाच १५ हजारांपर्यंत रक्कम मिळते आणि भविष्यनिर्वाह निधीत नाव लागते. हे चांगले आहे, ते नाकारणार नाही. पण मालकाच्या वाट्याचा हिशेब नीट तपासा. १० ते २० हजारांच्या टप्प्यात मालकाला महिना २,००० रुपये. दहा हजारांच्या थोडा वर पगार दिला तर त्याचा जवळपास पाचवा हिस्सा सरकार भरते. वीस हजार दिले तर दहावाच. मग बारा हजारांचे अठरा हजार कोणता मालक करील? ज्या साडेबारा हजारांच्या नोकरीसाठी मालकाला वर्षाला २४ हजार दिले जातात, तीच नोकरी करणाऱ्याकडून २,५०० कापून घेतले जातात. हे धोरण कमी पगाराला खतपाणी घालणारे आहे.

राज्य सरकार तर याहून पुढे गेले. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा हजार. पैसे सरकारचे, काम आस्थापनेचे. यातली कितीतरी मुले सरकारी कार्यालयांतच राबली. सहा महिन्यांचे अकरा महिने झाले, मुदत संपली, आणि कामावर कायम करा म्हणत हीच मुले रस्त्यावर उतरली. जिथे माणसाची खरोखर गरज आहे तिथे पूर्ण पगाराचे पद भरायला हवे होते.

कर हटवला तर बेकाराच्या हाती काय लागणार, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. बेकाराला काम द्या, काम मिळेपर्यंत थेट त्यालाच मदत द्या. पण जो आठ तास मशीनवर उभा आहे त्याच्या मजुरीतून आधी काढून घ्यायचे आणि नंतर मालकामार्फत उपकार केल्यासारखे वाटायचे, हे बंद झालेच पाहिजे. करमाफीला अर्ज लागत नाही, पोर्टल लागत नाही, कुणाची सही लागत नाही. तिजोरीत खड्डा पडेल म्हणत असाल तर वरच्या पगारांसाठी कलम २७६ची मर्यादा वाढवून मागा. १९८८चा आकडा आजही कसा चालतो, हे दिल्लीला विचारण्याचे धाडस दाखवा.

मागण्या दोन आहेत. २५ हजारांपर्यंत सरसकट माफी. आणि राज्याच्या तिजोरीतून उद्योगाला जो रुपया प्रोत्साहन म्हणून जातो, तो किमान वेतनाच्या बराच वर पगार देणाऱ्यालाच मिळेल अशी अट.

मुदत अर्थसंकल्प मांडला जाईल त्या दिवसापर्यंत. त्या भाषणात हे आले नाही, तर १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, आम्ही पगाराच्या स्लिपा घेऊन आपापल्या आमदाराच्या कार्यालयासमोर उभे राहू. सभागृहात तुम्ही या प्रश्नावर तोंड उघडले की नाही, हे तिथे सर्वांसमोर विचारू. त्यानंतर मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कुठलाही असो, आधी याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. कर बुडवा असे आम्ही कुणाला सांगणार नाही. तो मालकच कापून भरतो, कामगाराला बुडवण्याची सोयच नाही.

आणि कामगारांनो, स्लिपा जपून ठेवा. मिळत नसेल तर ठेकेदाराकडे मागा. ती देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.